पदर घेतलेलं वांगं

आठवणी लिहायला माणूस निदान आजी तरी झालेलं असावं, असं माझा नवरा म्हणतो. माझी अजून तिशीही उलटलेली नाही. पण मी ज्या दिवसांबद्दल लिहायला बसले आहे, त्या दिवसांतलं एकही ॲप आता मोबाईलवर मिळत नाही. परवाच इथं बुलढाण्याच्या घरी सकाळची कामं आटोपून मी शोधत बसले होते. फुलांच्या चौकटीवालं नाही, चेहरा गोरा करणारं नाही, आणि ज्याच्यापायी आमच्या घरात एवढं रामायण घडलं तो उड्या मारणारा हिरवा बेडूकही नाही. माझ्या पणजोबांनी खोदलेली विहीर जानेफळच्या वावरात अजून जशीच्या तशी आहे, आणि माझ्या कॉलेजच्या वयातला बेडूक मात्र जगातून नाहीसा झाला. तेव्हा म्हातारं व्हायची वाट न पाहता लिहून टाकलेलं बरं.

जानेफळात आमचं अंगण एक आणि दारं दोन, समोरासमोर. एका दारात आई, बाबा आणि मी. दुसऱ्या दारात बाबांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे मोठे बाबा. मोठी आई मी लहान असतानाच गेली आणि त्यांची लेक संग्रामपूरला दिलेली, त्यामुळे त्या घरात ते एकटेच. त्यांचं जेवण आमच्याच चुलीवर व्हायचं आणि ताट पोचवायचं काम माझं. सकाळी बाबा वांग्यांचे नि मेथीचे कॅरेट मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी बांधून मेहकरच्या बाजाराला निघायचे. ती गाडी लाथा खाल्ल्याशिवाय कधी सुरू झाली नाही. मग भाकरी थापण्याचा आवाज, मागच्या गल्लीतली चक्की, आणि चुलीत वांगं भाजल्याचा असा वास की पोट भरलेलं असलं तरी भूक लागावी. हिरव्या मिरच्यांचं भरीत, आंबाडीची भाजी, जवसाची चटणी. कुणी पाहुणा आला तर बेसनाच्या पातोड्यांचा रस्सा, तो खाताना नाक आणि डोळे दोन्ही वाहायचे. बुलढाण्याला सगळं मिळतं, पण तसा रस्सा मिळत नाही, आणि मला तो तसा जमतही नाही.

या सगळ्या आवाजांत एक आवाज असा होता की तो आला की बाकीचे बंद व्हायचे. मोठे बाबांचं खाकरणं. ते त्यांच्या दारातून अंगणात उतरले की घसा साफ केल्यासारखं मोठ्यानं खाकरायचे, आणि आमच्या घरात आई जिथं असेल तिथं पदर डोक्यावर ओढून दाराआड व्हायची. आमच्याकडे सून भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, बोलत नाही. भांडण म्हणून नव्हे, मान म्हणून. खाकरणं म्हणजे ‘मी येतोय, सावर’ असा त्यांनी दिलेला मान, आणि दाराआड होणं म्हणजे तिनं दिलेला. दोघांचंही एकमेकांवाचून चालत नव्हतं. त्यांना ताप आला तर आई दिवसभर काढे उकळायची, आईला माहेरी जायचं असलं तर गाडीचं तेच बघायचे, पण लग्न होऊन आल्यापासून आई त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

मग बोलायचं कोण, तर मी. मोठे बाबा ओसरीच्या खाली उभे राहायचे आणि मला म्हणायचे, “शीतल, मायले सांग, सांजच्याले मले भाकर नको, खिचडी टाक म्हना.” आई हातभर अंतरावर दारामागं, सगळं ऐकू येतंय. ती माझ्या कानात कुजबुजायची, “सांग, मुंगाची टाकू का तुरीची?” आणि मी हाताची घडी घालून मोठ्यानं ओरडायची, “मुंगाची का तुरीची?” आमच्या घरात आलेला पहिला मोबाईल म्हणजे मीच. मला त्याचं काही वाटायचं नाही. पण आम्ही रोहिणखेडला आईच्या माहेरी गेलो की मी चक्रावून जायची. मोटार गावात शिरली की आईचा पदर खांद्यावर यायचा आणि तिला आवाज फुटायचा. वावराच्या या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, त्या धुऱ्यावर ती भावाला हाक मारायची तर शेळ्या माना वर करायच्या. मामा म्हणायचे, हिच्यासारखी खो-खो खेळणारी पोरगी गावात झाली नाही. मी त्या खिदळणाऱ्या बाईकडं बघत बसायची आणि मला वाटायचं, हिला इथंच ठेवून घ्यावं आणि आपणही इथंच राहावं.

बारावीला मला चांगले मार्क पडले, मेहकरच्या कॉलेजात जायचं ठरलं, तेव्हा मोठे बाबा स्वतः जाऊन माझ्यासाठी मोबाईल घेऊन आले. खोकं माझ्या हातात देताना त्यांचा चेहरा असा काही फुलला होता की मी तो अजून विसरले नाही. पण लगेच बोट वर झालं. “अभ्यास कर. याच्यात सगळं हाय म्हनतेत. फक्त एक ध्यानात ठेव पोरी. आपल्या घरच्या बाईचा फोटो आन आवाज चव्हाट्यावर गेलेला मले चालनार नाही. तसं दिसलं तं मोबाईल वापस माह्यापाशी येईन, आन कॉलेजचंही मंग मी पाहीन.” ते नुसतं बोलून सोडणारे नव्हते. आठवीत शाळेच्या गॅदरिंगला माझं नाव नाचात होतं, तर त्यांनी स्टेजच्या मागून मला हाताला धरून घरी आणलं होतं, घुंगरांसकट.

तर असा तो मोबाईल. स्वस्तातला, मेमरी चिमूटभर. नवं ॲप घ्यायचं तर जुनं एक काढावं लागायचं, म्हणून प्रत्येकाची परीक्षा घेणं आलंच: हे ठेवायचं की ते? मी परीक्षक झाले ती अशी, जागेच्या टंचाईतून. आणि काय मजा होती म्हणून सांगू. कॉलेजातून आले की मी गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळ जायची, तिथंच काय ती रेंज, आणि एक-एक ॲप उतरवून खाली आईकडं धावत यायची. फोटो सुंदर करायच्या ॲपांचा तर त्या वेळी पूर आला होता. माणसांचे फोटो टाकायची बंदी, म्हणून माझं सगळं संशोधन बाबांच्या वांग्यांवर. एक ॲप मागचा देखावा पुसून द्यायचं, पण वांग्याचा देठ न चुकता कापून टाकायचं. एकाला दुधी भोपळ्यात चेहरा दिसला आणि त्यानं भोपळ्याच्या गालाला लाली लावली. बाबा तो फोटो बाजारात सगळ्यांना दाखवत फिरले. एक ॲप म्हणे चेहऱ्यावरचे डाग काढतं. मी ते घरातल्या घरात आईवर चालवून पाहिलं. आई गोरीपान झाली, गाल पिठासारखे झाले, आणि कपाळावरचं गोंदण नाहीसं झालं.

आईनं मोबाईल जवळ घेतला, लांब धरला. “माह्यं गोंदण कुठी गेलं?”

“त्याले डाग वाटला तो.”

“कोनाले? त्या मोबाईलले? माह्या मायनं मांडीवर घेऊन गोंदवलं होतं मले, आन हा डाग म्हनते. काढून टाक त्याले.” तिनं असं म्हटलं की निकाल लागला. मी ते ॲप तिथंच उडवलं.

मग मला वाटायला लागलं, एवढं सगळं आपण पारखतो तर लोकांनाही सांगावं. वर्गातल्या मैत्रिणीनं मोबाईलच्या पडद्यावर चाललेलं जसंच्या तसं टिपून कसं घ्यायचं ते दाखवलं, आणि मी व्हिडिओ टाकायला लागले. मोठे बाबांच्या बंदीमुळे आवाज टाकायची सोय नव्हती, म्हणून खाली अक्षरं आणि मागं कसलं तरी टुंगटुंग संगीत. ‘सदर ॲप वापरण्यास सुलभ असून’ असलं काहीतरी मी लिहायची, पुस्तकातल्यासारखं, म्हणजे लोकांना वाटावं पुण्याचं कुणीतरी आहे. बघणारी ती मैत्रीण एकटी, आणि तीही मी समोर उभी राहिले तर. आई म्हणायची, “मुक्या बाईचं परीक्षण कोन पाहीन व?”

आणि मग तो बेडूक आला. खेळ अगदी साधा. पडद्यावर खालून वर फळ्या, काही पक्क्या, काही पाय ठेवताच मोडणाऱ्या, काही इकडून तिकडे हलणाऱ्या. बोट टेकवलं की बेडूक उडी मारतो. वर वर जायचं. मधेच एक काळं पाखरू येतं, त्याला धडकला की बेडूक खाली, आणि पडला की वरून एक जाहिरात. मला तो खेळ मुळीच जमेना. परीक्षणासाठी निदान पहिल्या पायरीच्या पुढचं दिसायला तर पाहिजे, आणि माझा बेडूक दर वेळी तिसऱ्या फळीवर गतप्राण. दुपारची वेळ होती. आई शेजारी तुरीच्या शेंगा सोलत बसली होती आणि तिचा जीव नुसता वर-खाली होत होता.

“अवं, थांब नं जराशी. काऊन उठून पळतं तू? फळी येऊन राह्यली नं तुह्याकडे.”

“मंग तूच खेळ.”

तिनं हात पदराला पुसले. मोबाईल दोन्ही हातांनी धरला, परातीसारखा. पहिला बेडूक पडला, दुसरा पडला. तिसऱ्याला ती बोलायला लागली. “चाल रे बेडकोबा. हळू. तिथं नको बसू, ती फळी सडकी हाय, तुह्या सासऱ्यानं लावेल हाय ती. आता थांब... थांब म्हनते नं... हान उडी. शाब्बास रे माह्या वाघा. आता वर काय पाह्यतं? कोनी आरती घेऊन उभं नाही तिथं, चाल पुढं.” तिचा आवाज चढत गेला. रोहिणखेडच्या धुऱ्यावरचा आवाज. पदर खांद्यावर आला, मांडी मोडली, ती गुडघ्यावर बसली, आणि बेडूक पाखराला चुकवून असा वर गेला की त्या खेळाचं जे आभाळ मी कधी पाहिलंच नव्हतं ते मला दिसलं, निळं जाऊन जांभळं झालेलं. मोठे बाबा त्या दिवशी लोणारला गेलेले होते, म्हणून हे झालं.

पडदा टिपणं चालू होतं आणि त्याबरोबर आवाजही भरला गेला होता. एरवी मी तो पुसून टाकायची. त्या दिवशी आम्ही दोघींनी तो ऐकला आणि पोट धरून हसलो. मग आईनं मोबाईल कानाशी नेला. “ही मी हाव?” तिनं विचारलं. तिनं स्वतःचा आवाज कधी ऐकलाच नव्हता. पुन्हा ऐकला, आणखी एकदा ऐकला, आणि म्हणाली, “याच्यात माह्यं तोंड दिसते?”

“नाही. नुसता बेडूक.”

“नाव?”

“ते बी नाही.”

“मंग टाक.”

“अवं आई, मोठे बाबा? आवाजाचं काय म्हनले होते ते?”

आईनं शेंगांचं सूप पुढं ओढलं. “त्याहिनं कुठी आयकला माहा आवाज?” एवढंच म्हणाली ती, आणि सोलायला लागली. मी विचार केला तर खरंच होतं. त्या माणसानं फार तर दाराआडची कुजबुज ऐकली असेल. आईचा खरा आवाज जानेफळात कुणालाच ठाऊक नव्हता, मोठे बाबांना तर नाहीच.

माझा आवाज तेवढा मी कापून टाकला. व्हिडिओवर लावायला चित्र पाहिजे होतं. मी बाबांचं एक टपोरं वांगं घेतलं, एका ॲपानं देखावा पुसला, दुसऱ्यानं नथ चढवली, तिसऱ्यानं हिरवा पदर, आणि कपाळावर गोंदण मी माझ्या बोटानं काढलं. खाली लिहिलं, ‘मावशीचं परीक्षण’. आणि बाई, काय सांगू. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून परत येईपर्यंत त्यावर लोकांची झुंबड. एकानं लिहिलं, मावशी, आमची माय अशीच बोलते. दुसरा म्हणाला, हसून हसून जेवण अडकलं. कुणीतरी विचारलं, मावशी रोहिणखेडकडच्या का हो? त्यावर आई लाजली आणि घाबरली, दोन्ही एकदमच. मग आम्ही सुटलोच. मोठे बाबा बाहेर गेले की आम्ही कामाला लागायचो. उड्या मारणारं माकड, उड्या मारणारा चेंडू, उड्या मारणारी कोंबडी. कोंबडीच्या खेळाला आईनं ‘इले अंडं द्यायलेही फुरसत नाही’ म्हणून नापास केलं. फोटोची ॲपंही ती तपासायची. गोंदण ठेवलं तर पास, पुसलं तर नापास, दुसरा कायदा नाही. संध्याकाळी बाबा घरी आले की पहिलं विचारायचे, आज मावशी काय म्हणाली, आणि ऐकून झालं की मान हलवायचे. “दादाले समजलं तं मले बिस्तरा घेऊन वावरात राहा लागन,” असं म्हणायचे, पण पुन्हा ऐकवायला सांगायचे.

माझ्या तेव्हाच्या आनंदाला तोड नव्हती, हे मी आज उघडच लिहिते. लोकांची संख्या वाढत होती त्याचा आनंद होताच. पण कॉलेजातून येताना घराच्या वळणावर पोचले की मला धावत सुटावंसं वाटायचं, कारण आत ती रोहिणखेडची बाई माझी वाट बघत बसलेली असायची.

एके दुपारी ताट घेऊन मी मोठे बाबांच्या ओसरीवर चढले आणि तिथंच थांबले. आतून आईचा आवाज येत होता. “हान उडी, हान, आता काय मुहूर्त पाह्यतं?” आणि त्यावर कुणीतरी हसत होतं. मोठे बाबांना हसताना मी तोवर ऐकलं नव्हतं. ते बाजेवर आडवे, मोबाईल छातीवर, आणि पोट हलतंय. मला बघून उठून बसले.

“ये ये. हे पाह्य, कोनं तरी पाठवलं. एक बाई हाय, वांग्याले पदर घालून बसली. काय बोलते पोरी, काय बोलते. त्या बेंडकाले असं झाडते, जसं काई त्याचं खानं-पेनं हीच पाह्यते.” त्यांनी डोळे पुसले. “कोन्या गावची असन?”

“काय माहीत,” मी म्हटलं. ताटातली आमटी हिंदकळून माझ्या हातावर सांडली.

“आपल्याच भागातली हाय. मोताळ्याकडली वाटते. असं माणूस घरात असलं तं घराले टाळं लावून बाहेर जाऊ वाटनार नाही.”

आईचं रोहिणखेड मोताळ्याच्याच बाजूला. मी येऊन हे जसंच्या तसं आईला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, भाकरीला पाणी लावायचं ती विसरली. मग म्हणाली, “बास झालं आता. तुह्यं कॉलेज जाईन.” आणि खरंच बंद केलं. मोबाईलला हात लावेना. घर पुन्हा पहिल्यासारखं झालं: चक्की, भाकरी, खाकरणं. मी पुन्हा मुके व्हिडिओ टाकून बघितले, पण लोक खवळले, मावशीला आणा म्हणाले. आणि या लोकांत सगळ्यात मोठी पंचाईत केली ती मोठे बाबांनीच. रोज ताट नेलं की त्यांचा पहिला प्रश्न, “त्या मावशीचं नवीन नाही आलं काय? आजारी-बिजारी तं नाही पडली?” एकदा तर अंगणात उभे राहून, आई दाराआड असताना, मला म्हणाले, “पोरी, तुले कॉम्पुटरचं समजते. तिले लिहून कळव, म्हना जानेफळचा एक मानूस वाट पाहून राह्यला.”

ते गेल्यावर मी वळून बघितलं तर दाराआड आई तोंडात पदर कोंबून उभी होती, आणि हसते की रडते मला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःहून मोबाईल मागितला.

त्या दिवसाचा खेळ मी जन्मात विसरणार नाही. मोठे बाबा पंचायतीकडं गेलेले, दुपारभर यायचे नव्हते. आई अशी खेळत होती की बेडूक खाली यायचं नावच घेत नव्हता. जांभळं आभाळ गेलं, काळं आलं, चांदण्या आल्या. इतकं वर पोचलेलं कुणी आम्ही पाहिलं नव्हतं, मी तोंड दाबून हसत होते, आणि आई ओरडत होती, “आता चंद्रावर जातं का रे? तिथं तुही सासुरवाडी हाय का?” आणि अंगणात खाकरल्याचा आवाज आला.

आईचा आवाज मधेच तुटला. हात डोक्याकडं गेला, बोट पडद्यावरून उठलं आणि बेडूक पाखराला धडकून एवढ्या उंचीवरून खाली गेला. मोठे बाबा विसरलेली छत्री घेऊन परत निघून गेले; त्यांचा आमच्याकडं यायचा विचारही नव्हता. जाहिरात लागली. आई पदर घेऊन तशीच भिंतीला चिकटून उभी.

संध्याकाळी मी ऐकायला घेतलं. सगळं भरलं गेलं होतं. चांदण्या, आरोळ्या, मग ते खाकरणं, ठळक, ओळखू येईल असं, आणि त्यानंतर नुसतं टुंगटुंग संगीत, आणि खूप वेळानं आईची कुजबूज, “गेले का?” मी म्हटलं, “एवढं कापून टाकते.”

“नको कापू,” आई म्हणाली.

बाबा जेवत होते. त्यांचा घास हातातच राहिला. “अवं, हे काय करून राह्यली? दादा स्वतःचं खाकरनं ओळखनार नाही काय?”

“ओळखू द्या.” तिनं बाबांच्या ताटात भरीत वाढलं. तिचा आवाज चढलेला नव्हता, पण कुजबुजही नव्हती. “त्याहिले ती मावशी पाह्यजे नं? मंग खाकरल्यावर ती कुठी जाते, हे बी आयकू द्या. मोबाईल गेला तं गेला. पोरीच्या कॉलेजसाठी मी त्याहिच्या पाया पडीन. पन हे कापायचं नाही.” बाबांनी माझ्याकडं बघितलं, मी बाबांकडं. त्या घरात आईनं असा निकाल दिलेला आम्ही दोघंही पहिल्यांदाच ऐकत होतो. मी गच्चीवर जाऊन टाकीला टेकले आणि टाकलं. मला एवढी मजा वाटत होती की लाज वाटावी.

दुसऱ्या दिवशी ताट घेऊन गेले तर ते ऐकतच होते. हसत होते. चांदण्यांपाशी आले, बाजेवर मांडी ठोकली. मग ते खाकरणं आलं. त्यांनी अंगणाकडं बघितलं, कोण आलं म्हणून. कुणी नव्हतं. त्यांनी व्हिडिओ मागं घेतला, पुन्हा ऐकला. पुन्हा घेतला. संगीत वाजत राहिलं, आणि मग ती कुजबूज. ती त्यांनी इतकी वर्षं दाराआडून ऐकली होती. मोबाईल त्यांनी उशाखाली ठेवला आणि हात धुवायलाही न उठता बसून राहिले. “ताट ठेव,” म्हणाले. ताट तसंच परत आलं, त्या दिवशीही आणि पुढच्याही. मोबाईल ते मागायला आले नाहीत. आईनं माझी कॉलेजची पिशवी उगाचच धुऊन वाळत घातली. बाबा संध्याकाळी उशिरापर्यंत वावरातच थांबायला लागले.

आणि मग ती दुपार. आई ओसरीवर मेथी निवडत होती, पदर खांद्यावर. मी जवळच. मला कुणाचीशी सावली दिसली आणि वर बघितलं तर मोठे बाबा अंगणात उभे. खाकरले नव्हते. आईचा हात पदराकडं गेला खरा, पण दाराआड व्हायला वेळच मिळाला नाही, ती होती तिथंच राहिली. मोठे बाबांच्या हातात त्यांचा मोबाईल होता. मला वाटलं, झालं, आता माझाही जाणार. त्यांनी मान खाली घातली आणि मोबाईल माझ्यापुढं धरला. पडद्यावर तो हिरवा बेडूक जागच्या जागी उड्या मारत होता.

“पोरी, तुह्या मायले विचार...” ते म्हणाले आणि थांबले. खाकरले मात्र नाहीत. मग त्यांनी पुन्हा सुरुवात केली, माझं नाव न घेता. “त्या काळ्या पाखरापाशी मी रोज मरून राह्यलो. काय करा लागते तिथं?”

मी सवयीनं आईकडं वळले, सांगायला तोंड उघडलं, आणि मिटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी निरोप पोचवला नाही. आईनं मेथीची जुडी खाली ठेवली. पदर अर्धा डोक्यावर, अर्धा खांद्यावर. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं.

“तुमी घाई करता, भाऊजी,” ती म्हणाली. कुजबुजत नाही, चांगल्या आवाजात.

मोठे बाबा ओसरीच्या कडेला बसले. अंगठा पडद्यावर. एक फळी, दोन फळ्या. आई जागची उठली नाही, पण मान पुढं आली. “थांबा. थांबा म्हनते नं. ते पाखरू जाऊ द्या. जाऊ द्या त्याले... हं. हाना.” बेडूक पाखराच्या वरून गेला. मोठे बाबांच्या तोंडून लहान मुलासारखा आवाज निघाला. आभाळ जांभळं झालं. आई गुडघ्यावर आली, पदर पार खांद्यावर गेला, तिचं लक्ष नव्हतं. “आता ती फळी सडकी हाय, तिच्यावर नका... अवं बाई, नका म्हनलं नं, डोळे कुठी हायेत तुमचे?”

बेडूक गेला खाली. आईनं जीभ चावली. हात तोंडावर. जाहिरात वाजायला लागली, ती बंद करायचंही कुणाला सुचलं नाही.

मोठे बाबांनी मान वर केली. माझ्याकडं नाही बघितलं.

“पडलो,” ते आईला म्हणाले.